तळ्याखालचे थर

जमीन फाटून दोन्हीकडे सरकली, मधला पट्टा खचला आणि त्या खळग्यात लाखो वर्षं तळं साचत गेलं. त्याच तळ्यात मागच्या वर्षी तिचा नवरा होडीसकट बुडाला. तो सापडलाच नाही. ती भूगर्भशास्त्रज्ञ होती; तळाचे थर तपासायचं काम निघालं, तेव्हा हट्टाने तीच गेली.

बोअरवाल्या मामांनी तळ्याखालून काढलेल्या दगडाच्या लांब कांड्या शेडमध्ये टेबलावर मांडल्या होत्या. सगळ्यात खालची, सगळ्यात जुनी कांडी त्यांनी उभी चिरली. आत काळ्या दगडात अंगठ्याचा ठसा होता. त्यावर तिरका व्रण.

"हवेचा बुडबुडा अडकला असेल, बाई," मामा म्हणाले.

नवऱ्याच्या अंगठ्यावरचा तो व्रण तिने कितीदा ओठांनी चाचपला होता.

त्याच्या वरच्या राखेच्या थरातही तोच ठसा निघाला. त्याच्याही वरच्या लाव्ह्यात तोच. मामांनी करवत खाली ठेवली. "आता पुरे करू या."

"वर येतोय तो, मामा," ती म्हणाली, आणि किती दिवसांनी तिचा चेहरा उजळला. "थांबू नका."

शेवटची कांडी तळ्याच्या तळाशी साचलेल्या ओल्या गाळाची होती. गाळ गुळगुळीत होता, कोरा.

तिला रडू फुटलं. "इतक्या जवळ येऊन, रे?" म्हणत तिने आपला अंगठा त्या थंडगार गाळात हलकेच रुतवला.

खालून एक अंगठा येऊन त्याला टेकला. तो गरम होता.