एकच टिक

“आल्या बाईसाहेब! काम संपल्यावर,” एडेमने गटाला हसवलं. सेलासी केटा गावाहून थेट वर्गात आली होती, दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत. सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या शेवटी प्रत्येकाने सोबत्यांना गुण द्यायचे होते. गटप्रमुख एडेमने तिच्या नावापुढे ‘संवाद: शून्य’ लिहिलं होतं. शून्य म्हणजे नापास. “दवाखान्यात बाबांच्या उशाशी बसून याला रोज काम पाठवलं, सर,” म्हणत तिने वडिलांचा फोन टेबलावर ठेवला. पहिल्या मेसेजला दोन टिक, पुढच्या दहांना एकच. नंबर पाहून एडेम चपापला. “‘फोन फुटलाय, मी सेलासी’ असं तर भामटेच लिहितात! म्हणून ब्लॉक केला.” सरांनी शेवटचा मेसेज मोठ्याने वाचला: ‘बाबा गेले. उरलेलं काम जोडलंय.’ “आत्ता अनब्लॉक करतो, शप्पथ!” “राहू दे. या नंबरवरून आता कुणाचंच काही येणार नाही.” तिनेही त्याच्या नावापुढे शून्य लिहिलं.