फिका रस्सा

डोळ्याच्या नसेची सूज उतरली आणि जागेश्वरला पुन्हा दिसू लागलं. लाल रंग तेवढा विटल्यासारखा दिसे. रविवारी पुष्पलतानं नेहमीसारखाच झणझणीत सावजी रस्सा वाढला. घास न घेताच तो गरजला, "तिखट टाकाले हात दुखते काय वं?" आणि भरलेलं पितळी ताट तिच्या कपाळावर आदळलं.

दवाखान्यात पाच टाके पडले. "आई, पोलिसात नोको जाऊ वं," पंकज काकुळतीला आला. "बाबाले लाल रंग फिका दिसते. बिमारीनं झालं हे."

पुष्पलतानं पदर सारून कानामागचा जुना व्रण लेकाला दाखवला.



"हा तू पोटात होता तवाचा. तवा तं त्यायचे डोळे ठणठणीत होते."