मूठभर अक्षता

‘त्या लग्नाला या घरातून कुणी जायचं नाही,’ असं बजावणारे दिगंबरराव बेडरूमचं दार लोटून लेकीचं लग्न मोबाइलवर लाइव्ह बघत होते. बायकोला कळू नये म्हणून आवाज बंद ठेवला होता.

हार धरून उभी असलेली लेक सारखी हॉलच्या दाराकडे बघत होती. अंतरपाट दूर झाला. त्यांचा हात आपसूक उठला आणि रिकामाच खाली आला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ‘सावधान’ ऐकू आलं, मागोमाग वाजंत्री. ते धावत गेले. ओट्यावर टेकवलेल्या बायकोच्या मोबाइलवर तेच लग्न चालू होतं आणि भोवती अक्षता सांडल्या होत्या.

“थोड्या मला दे गं,” त्यांनी हात पुढे केला.

तिने रिकामी मूठ उघडून दाखवली.

“तुमच्या वाटच्याही मीच टाकल्या.”