मी आत येऊ ना?

बशीतला गुलाबी द्रव पिवळा पडला होता.

बारकीने दुसरी बशी बाहेर काढली. मग तिसरी, चौथी. चारही पिवळ्या, चारही गढूळ. सकाळचे सात वाजले होते आणि ज्या मुलीच्या या पेशी होत्या, तिची आई अकरा वाजता येणार होती.

तरुण संशोधकांचं ते चार आठवड्यांचं निवासी उन्हाळी शिबिर होतं. वीस जण होते. त्यांतली ही सगळ्यांत लहान, उंचीनेही. सूक्ष्मदर्शकात पाहायला तिला स्टुलावर चढावं लागे, म्हणून पहिल्याच दिवशी ती बारकी झाली. प्रत्येकाला सांभाळायला जिवंत पेशी दिल्या होत्या. बारकीच्या वाट्याला आलेल्या पेशी एका मुलीच्या कातडीच्या होत्या. ती मुलगी अकरा वर्षांपूर्वी गेली, नवव्या वर्षी. तिच्या आजारावर तेव्हा औषध नव्हतं. आजही नाही. ते शोधण्यासाठी तिच्या कातडीचा नखाएवढा तुकडा घेतला होता. मुलगी गेली, पेशी राहिल्या. त्या वाढवायच्या, थोड्या गोठवून ठेवायच्या, लागतील तेव्हा पुन्हा जाग्या करायच्या, असं चाललं होतं. पण अशा पेशीही म्हाताऱ्या होतात. यंदा गोठवलेली एकच कुपी उरली होती. ती बारकीला दिली होती. उद्या त्यातल्या निम्म्या परत गोठवायच्या होत्या.

बारकीने त्यांना जिवापाड जपलं. एक दिवसाआड त्यांचा पोषक द्रव बदलायचा, तो आधी कोमट करायचा. "अगं, आता पाळणा म्हण त्यांना," खोलीतल्या मैत्रिणी चिडवत. काल संध्याकाळी जेवायची घंटा झाली आणि घाईत तिने वापरलेली नळी पुन्हा द्रवाच्या बाटलीत बुडवली. एवढंच. त्याच बाटलीतून चारही बश्या भरल्या गेल्या.

प्रयोगशाळेचे जुने तंत्रज्ञ काका आले. त्यांनी बश्या उजेडात धरून पाहिल्या.

"गेल्या, पोरी. जंतू शिरलेत. ब्लीच ओत आणि फेकून दे. नाहीतर बाकीच्यांनाही लागण होईल."

"काका, एक तरी धुऊन बघू? औषध घालून?"

"बघ. बाहेरच्या टेबलावर घेऊन जा. पण मी हे तीस वर्षं बघतोय."

तिने एक बशी ठेवली. धुतली, औषध घातलं. मग स्टुलावर चढून ती सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसली. निरोगी पेशी लांबट असतात, तळाला घट्ट धरून राहतात. या एकेक करून आखडत होत्या. गोल होत होत्या. तळ सोडून तरंगत होत्या. तिने पुन्हा धुतलं. नाश्त्याची घंटा झाली, ती उठली नाही. पावणेदहाला तळाशी एकही पेशी उरली नव्हती. तरी ती बसून राहिली.

काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या बाईला सांगू नकोस. मी दुसऱ्या पेशी लावून ठेवतो. कातडीच्या सगळ्या सारख्याच दिसतात. दर उन्हाळ्यात येते, तासभर बघते, जाते. कधी काही विचारत नाही."

बरोबर अकराला ती आई दारात उभी राहिली. शिवणकाम करणारी बाई. बोटं सुईने टोचून खरबरीत झालेली.

"मी आत येऊ ना?"

"दर वर्षी काय विचारता?" काका हसले. "तुम्हाला कसली परवानगी?"

तरी काका "या" म्हणेपर्यंत तिने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. मग ती सरळ सूक्ष्मदर्शकापाशी गेली. चष्मा कपाळावर सरकवला. कोणतं चाक फिरवायचं, हे तिला आता ठाऊक होतं. चित्र स्पष्ट झालं तशी ती स्थिर झाली. मान न वळवता तिने विचारलं,

"यंदा कोण बघतं हिचं?"

"मी," बारकी म्हणाली.

"वेळेवर देतेस ना सगळं? तिला भूक सहन व्हायची नाही."

काकांनी डोळ्यांनी खूण केली. बारकीने ती पाहिली.

"मावशी, या तिच्या नाहीत."

आईने डोळे वर केले.

"तिच्या मेल्या. आज सकाळी. माझ्या हातून चूक झाली. आता कुठेच उरल्या नाहीत, गोठवलेल्याही नाहीत. मी खूप केलं, मावशी. धुतलं, औषध घातलं. काहीच चाललं नाही."

काका खाली बघू लागले. आईने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि समोरच्या पोरीकडे नीट पाहिलं. सुजलेले डोळे, उपाशी तोंड, हातात अजून तसेच असलेले रबरी मोजे.

"तू कुठे होतीस तेव्हा?"

"इथेच. सातपासून."

"शेवटपर्यंत?"

"हो. पावणेदहापर्यंत. उठलेच नाही."

आईने तिचा मोजा घातलेला हात आपल्या खरबरीत हातात घेतला.

"बरं झालं, बाळ," ती म्हणाली. "मागच्या वेळी, दवाखान्यात, त्यांनी मला दाराबाहेर बसवलं होतं."