पक्कं दार

पलंगाची डोक्याकडची फळी काही केल्या दारातून आत जाईना. फिटरने ती आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली, शेवटी भिंतीला टेकवून घाम पुसला. जुन्या घरांची दारं अरुंद आणि आजकालचं फर्निचर ऐसपैस, त्यांचं जमायचं कसं? खोक्यावरच्या चित्रात एक माणूस हसत हसत एकटाच पलंग जोडत होता. एवढ्या वर्षांत फिटरला असं हसू एकदाही फुटलं नव्हतं.

"ताई, दार काढावं लागेल," तो म्हणाला. "काम झालं की परत बसवून देतो."

घरातली ताई जिन्यापाशी उभी होती. तिने आधी वरच्या मजल्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"काढा. पण बसवाल तेव्हा पक्कं बसवा. कितीही धडका बसल्या तरी हलता कामा नये."

झोपायच्या खोलीच्या दाराला धडका कोण देतं? पण गिऱ्हाइकाच्या घरच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही, हे कंपनीने कामावर घेतानाच बजावलं होतं. त्याने मुकाट्याने बिजागऱ्या सोडवल्या. चौकटीचं लाकूड स्क्रूच्या भोकांपाशी पार भुगा झालं होतं. कुलूप मात्र दारातच बसवलेलं, जुनं आणि दणकट, दोन्ही बाजूंनी एकाच किल्लीने लागणारं. ती किल्ली ताईच्या मुठीत होती.

त्याच्या कटरचं पातं मोडलं म्हणून खोकं कापायला त्याने सुरी मागितली. ताईने स्वयंपाकघरातलं एक कपाट कुलूप काढून उघडलं, सुरी आणली, त्याचं काम होईपर्यंत जवळ उभी राहिली आणि लगेच नेऊन पुन्हा कुलपात ठेवली. फिटरचं डोकं फिरलं. आपण काय चोर दिसतो हिला? एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या ओढून वावरणारी, तारवटलेल्या डोळ्यांची ही बाई त्याला तिथेच मनातून उतरली.

ती चहा टाकायला गेली आणि जिन्यावरून म्हातारा खाली आला. ताईचे वडील. उंचापुरा, स्वच्छ कपड्यातला, आवाज अगदी मऊ. पलंग कुणासाठी, असं त्याने विचारलं. तुमच्यासाठीच असेल, असं फिटर म्हणाला.

म्हातारा अर्धवट जोडलेल्या पलंगाच्या कडेवर बसला. त्याने फिटरचा हात धरला.

"पोर मला इथे कोंडणार आहे," तो हळूच म्हणाला. "खिडकीला गज बसवलेत, बघ."

फिटरने पाहिलं. गज खरंच होते, अजून रंगाचा वास येत होता.

"तुझ्याजवळ काही मागत नाही, बाळा. ते दार तेवढं फार पक्कं करू नकोस."

ताई चहाचा कप घेऊन दारात आली आणि जागीच थांबली. "बाबा, वर जा," एवढंच म्हणाली. म्हातारा शहाण्या मुलासारखा उठला. तो जाईपर्यंत ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. सख्ख्या बापाचा स्पर्शही नको हिला, फिटर मनात म्हणाला, आणि तिने दिलेला चहा त्याने तसाच बाजूला ठेवला.

त्याने तरी एकदा विषय काढून पाहिला. काकांना हा पलंग आखूड पडेल, पाय बाहेर येतील, असं म्हणाला.

"पुरेल," ताई म्हणाली.

"काकांना आपलं मोकळंच बरं वाटत असेल, नाही का?"

"त्यांना काय वाटतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही दार बसवा."

पलंग जोडून झाला, दाराची पाळी आली. पिशवीत लांब स्क्रू होते. भोकांत ठोकायला लाकडी खुंट्याही होत्या. खुंट्या ठोकून वर लांब स्क्रू मारले असते तर दार पिढ्यान्‌पिढ्या हललं नसतं. फिटर बराच वेळ बिजागरी हातात धरून बसला. मुलीने बापाला कोंडायचं, आणि तेही आपल्या हातून? पोलिसांना सांगावं तर पुरावा काय, आणि नोकरी जायची ती जायचीच.

त्याने पलंगाच्या पाठीमागच्या पातळ फळीचे आखूड स्क्रू काढले आणि त्या भुग्यातच फिरवले. वरून भेगा बुजवायच्या लांबीचा हात मारला. दिसायला काम फक्कड झालं. म्हाताऱ्याने नेट लावून दोन-चार वेळा खांदा मारला असता, तर दार बिजागऱ्यांसकट खाली आलं असतं.

"पाहू?" ताई पुढे झाली.

त्याआधीच फिटरने दार लावून स्वतः तळव्याने दोन-तीनदा दाबून दाखवलं. "हत्ती आला तरी हलायचं नाही, ताई."

तिने मोठा श्वास सोडला आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. फिटरला ते हसू बघवलं नाही. त्याने पिशवी उचलली. बाहेर पडताना वरच्या खिडकीत म्हातारा दिसला. फिटरने मान हलवली, म्हाताऱ्यानेही हलवली. रस्त्याला लागल्यावर त्याला अगदी हलकं वाटत होतं. आयुष्यात कुणाच्या तरी उपयोगी पडलो.

दुपारी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गिऱ्हाइकाचा जिना चढत होता, तेव्हा फोन वाजला. सकाळची ताई होती. दार पडलं की काय?

"तक्रार नाही, दादा. आभार मानायला फोन केला," ती म्हणाली. तिचा आवाज झोपेने जड झाला होता. "किती महिन्यांनी आज डोळ्याला डोळा लागेल. नव्या पलंगावर आडवी झालेय, आतून किल्ली लावून."

फिटर पायरीवरच थांबला. फोनमध्ये मागे कुठेतरी धप्‌कन आवाज झाला. मग पुन्हा.

"बाबा आहेत," ती म्हणाली. "देऊ देत धडका. तुमच्या दारावर माझा भरवसा आहे."