फोर्तुनाताच्या पेटीचा आवाज

रेम्बेर्तोने सगळ्या वाद्यांना झिरमिळ्या बांधल्या, फक्त फोर्तुनाताची पेटी, म्हणजे तिचा जुना सिंथेसायझर, तेवढा सोडला. अकॉर्डियनला गुलाबी, ढोलाला हिरव्या, दोन्ही स्पीकरना पिवळ्या. काल खोक्यातून निघालेला नवा कीबोर्ड तर त्याने नवरीसारखा नटवला होता. आज कार्निव्हलचा मंगळवार, ‘चाल्या’ या विधीचा दिवस. वर्षभर जे जवळ हवं, त्याला ओरुरो शहरात या दिवशी झिरमिळ्या बांधतात आणि धरणीमातेचं नाव घेऊन बियर शिंपडतात. ज्याची चाल्या झाली नाही, ते घरातून चाललं असं सगळे धरून चालतात.

"आणि माझी पेटी?" फोर्तुनाताने दारातूनच विचारलं.

"कोमाद्रे, ती सकाळीच गेली ना?" रेम्बेर्तो तिच्या लेकाचा धर्मपिता, म्हणून ही हाक. बँडही त्याचाच.

"गेली नाही. आतली बॅटरी संपली होती. मी नवी बसवलीये."

"आणि आवाज?"

 बॅटरी संपली तसे पेटीत साठवलेले सगळे आवाज पुसले गेले होते. बाकीच्यांचं तिला काही नव्हतं. पण एक आवाज तिने स्वतः घडवला होता, छत्तीस वर्षांपूर्वी, अख्खा हिवाळा खपून. अर्धा बोरूच्या बासरीचा, अर्धा पत्र्याच्या घंटेचा. तीन गल्ल्या पलीकडे तो ऐकू आला की लोक म्हणायचे, आले रेम्बेर्तोवाले.

"नव्यात हजार आवाज आहेत," रेम्बेर्तो म्हणाला. "वजन बघ, एका हाताने उचलता येतो. तुझ्या कमरेसाठीच आणलाय गं."

"हजारांत माझा कुठला?"

त्याने डोकं खाजवलं. "बारा वाजता फटाके वाजले की बियर शिंपडायची. तोवर तुझ्या म्हातारीला कंठ फुटला, तर तिचीही चाल्या करतो. नाही फुटला तर मग हट्ट करायचा नाही."

"बारा तर बारा," म्हणत तिने स्टूल ओढलं.

पेटीचा पडदा अकरा वर्षांपूर्वीच काळा पडला होता, त्यावर काही वाचता येत नसे. कुठलं बटण किती वेळा दाबायचं हे ती बोटांनी मोजायची. पण त्या आवाजाचे आकडे तिने कधी लिहून ठेवले नव्हते. पेटीच्या लक्षात आहेत, मग आपण कशाला लिहा, असं म्हणत छत्तीस वर्षं गेली. आता तिला स्वतःचा असा राग आला होता की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तिने डोळे मिटले आणि बोटांना आठवेल तसं जाऊ दिलं. चौथं बटण, सात वेळा. खालच्या रांगेतलं दुसरं, अकरा वेळा. पट्टी दाबायची, ऐकायचं, मान हलवायची, पुन्हा मोजायचं.

अकरा वाजता बासरी आली. साडेअकराला घंटा. रेम्बेर्तोने बियरच्या बाटल्या मांडता मांडता मान वर केली.

"हाच की गं!"

"हा नाही."

"अगं, छान आहे."

"छान आहे. आपला नाही. धुऊन इस्त्री केल्यासारखा वाटतोय."

तिने पुन्हा सगळं तपासलं. काहीच चुकलं नव्हतं, आणि तरीही काहीतरी नव्हतं. पावणेबारा झाले. पाठ भरून आली होती, पण उठली तर संपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रेम्बेर्तोने वेळ जावा म्हणून अकॉर्डियन मांडीवर घेतलं आणि एक जुनी चाल काढली. मधला एक सूर नेहमीसारखाच खाली बसका लागला.

फोर्तुनाता ताडकन वळली. "थांब! तो सूर परत दे."

"कुठला? तो बिघडलेला?"

"तोच. खेच आणि धरून ठेव."

"त्याची पत्ती पहिल्यापासूनच उतरलेली आहे. मुद्दाम काय ऐकायचंय त्यात?"

"तेव्हा मी माझी पेटी याच सुरावर लावली होती, गाढवा! मला वाटलं, तुझा बाजा बरोबर असेल."

रेम्बेर्तोने आपल्या अकॉर्डियनकडे पाहिलं. मग त्याने भाता खेचला आणि सूर धरून ठेवला, चेहरा लाल होईपर्यंत. तिने घंटेचा स्वर एकेक दाब खाली आणला. एक, दोन, तीन. चौथ्या दाबाला पेटी आणि अकॉर्डियन एकमेकांत असे मिसळले की कुठला सूर कुणाचा ते कळेना. घंटा थोडी रडवी झाली, बासरीला दम लागला. फोर्तुनाताने दोन्ही हातांनी चाल धरली. अंगणाच्या भिंतीपलीकडून कुणीतरी बाई ओरडली, "रेम्बेर्तो, सुरू केलंत होय! आम्हाला बोलवायचं नाही का?"

तेवढ्यात गल्लीत फटाके वाजू लागले. रेम्बेर्तोने बाटली उघडली आणि सवयीने पट्ट्यांवर तिरकी केली. फोर्तुनाता दोन्ही हात पसरून पेटीवर आडवी झाली.

"खाली ओत, खाली! ब्याण्णव साली ओतलीस, ती पट्टी अजून चिकटते."

त्याने बियर स्टँडच्या चारही पायांशी जमिनीला दिली. मग झिरमिळ्यांची पिशवी उलटी करून झटकली. पिशवी रिकामी होती. नव्या कीबोर्डकडे त्याने एकदा पाहिलं, पण हात तिकडे गेला नाही. त्याने आपल्या अकॉर्डियनच्या गुलाबी झिरमिळ्या सोडल्या, मधोमध फाडल्या आणि अर्ध्या फोर्तुनाताच्या पेटीला बांधल्या.