अण्णांच्या पोटातला रंगीत टीव्ही

"माणसाच्या पोटात डोकावण्याचा अधिकार एका परमेश्वराला," अण्णा बेहेरे भिंतीकडे तोंड करून म्हणाले. भिंतीकडे अशासाठी, की डॉक्टरांनी त्यांना डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवलं होतं, आणि पाठीमागे उघडा पडणारा हिरवा झगा त्या अधिकाराचं फारसं रक्षण करत नव्हता.

तीन महिने शौचातून रक्त जात होतं. थोरला भाऊ ह्याच दुखण्याने गेला, म्हणून अण्णांनी ते बायकोपासूनही लपवलं. शेवटी मुंबईचे डॉक्टर आतडं तपासायचं नवं यंत्र घेऊन रत्नागिरीत आले. जुन्या यंत्रात डॉक्टर एकटाच नळीला डोळा लावायचा. अण्णांच्या मते ती सभ्यता होती; एक माणूस, एक डोळा. आता नळीच्या टोकालाच कॅमेरा, आणि सत्त्याऐंशी सालची प्रगती अशी की आतलं सगळं रंगीत टीव्हीवर. अण्णा राहत त्या सबंध मांडवीत रंगीत टीव्ही दोन. त्यामुळे नर्स आली, कंपाउंडर आला, वायर तपासायला आलेला वायरमन तर स्टूल ओढून बसला. प्लग मागच्या भिंतीला, म्हणून टीव्हीही मागे. अण्णांचं पोट अण्णा सोडून सगळ्यांना दिसत होतं.

त्यात सोबतीला आणलेला धाकू. तीस वर्षं अण्णांच्या कलमांवरचे आंबे काठीच्या टोकाला जाळी बांधलेल्या झेल्याने उतरवणारा. आंबा देठासकट उतरवायचा, देठ तुटला की चीक गळून फळ डागाळतं, एवढ्यावरून अण्णा त्याला दर हंगामात बागेबाहेर काढत. आजही काढलं.

"इथे काय सिनेमा लागलाय? धाकू, आधी बाहेर हो."

धाकू दारापर्यंत गेला आणि तिथूनच बघू लागला.

एकाएकी मागे वायरमनचं स्टूल पुढे सरकल्याचा आवाज आला. अण्णांना समोर फक्त चुना दिसत होता.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, लहान आहे, आत्ताच काढून तपासायला पाठवू. मग ते कामाला लागले. "कशी आहे?" अण्णांनी भिंतीलाच विचारलं.

उत्तर दारातून आलं. "देठाला लोंबतेय, अण्णा. डाक्टरांनी तारेचा झेलाच घातलानी."

अण्णांनी मान मागे वळवून बघितलं, पण टीव्ही दिसेना.

"धाकू," ते हळूच म्हणाले, "जरा पुढे ये. देठासकट निघतेय ना, तेवढं बघ."